किती द्रव्य एकत्र आले? अवकाशातील वस्तूंचा एक आढावा

आकाशात काय काय आहे, असे विचारले की आपल्याकडे यादी हाती दिली जाते. सूर्य, आठ ग्रह, त्यांचे उपग्रह, लघुग्रह, धूमकेतू, उल्का, तारे, तेजोमेघ, दीर्घिका. शाळेत ती पाठ होते, परीक्षेत उतरवली जाते आणि पुढे विसरलीही जाते. कारण यादीतल्या एका नावाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे कुणी सांगितलेले नसते. लघुग्रह वेडावाकडा आणि ग्रह मात्र गोल, असे का? गुरू एवढा अवाढव्य असूनही तारा का झाला नाही? सूर्याचे कृष्णविवर कधीच होणार नाही, हे खगोलशास्त्रज्ञ इतक्या खात्रीने कसे सांगतात?

या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: त्या जागी किती द्रव्य एकत्र आले? गुरुत्वाकर्षण प्रत्येक वस्तूला आतल्या आत ओढत असते. त्या ओढीला विरोध कोण करतो, यावर वस्तूचे रूप, आयुष्य आणि शेवट ठरतो. आधी खडकाचा कणखरपणा विरोध करतो, मग तापलेल्या वायूचा दाब, मग इलेक्ट्रॉनांचा आणि शेवटी न्यूट्रॉनांचा. द्रव्य वाढत गेले की एकेक विरोधक हरतो आणि वस्तूचा प्रकार बदलतो. हे सूत्र धरून लहानाकडून मोठ्याकडे गेलो, तर अवकाशातला हा सारा पसारा एका कुळातला असल्याचे ध्यानात येते.

धूळ, उल्का आणि अशनी

सुरुवात धुळीपासून करावी लागते, कारण पुढचे सगळे तिच्यातून आणि वायूतून घडले. ग्रहांच्या मधल्या जागेत वाळूच्या कणाएवढे असंख्य तुकडे फिरत असतात. त्यातला एखादा सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर वेगाने पृथ्वीच्या वातावरणात शिरला की साधारण शंभर किलोमीटर उंचीवर प्रकाशाची रेघ उमटते. ती उल्का. धूमकेतू आपल्या मार्गावर धूळ सोडून जातात आणि पृथ्वी दरवर्षी ठरावीक तारखांना त्या धुळीतून जाते, तेव्हा उल्कावर्षाव होतो. ऑगस्टमधला ययातीचा वर्षाव स्विफ्ट-टटल धूमकेतूमुळे होतो, पण महाराष्ट्रात तो बहुधा पावसाळी ढगांआड जातो. आपल्यासाठी सोयीचा वर्षाव १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा, मिथुन राशीतला. त्याची धूळ मात्र फेथन नावाच्या लघुग्रहाची आहे.

तुकडा मोठा असेल तर तो पुरता जळत नाही. जमिनीपर्यंत पोहोचतो, त्याला अशनी म्हणतात. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कच्या आकाशात सुमारे वीस मीटर रुंदीचा खडक फुटला. त्याच्या धक्क्याने खिडक्यांच्या काचा फुटून सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. याहून मोठ्या आघाताची खूण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून आर्गॉन कालमापनानुसार ते पावणेसहा लाख वर्षांपूर्वी तयार झाले. हे विवर ज्वालामुखीचे आहे की आघाताचे, यावर दीर्घकाळ वाद होता. १९७०च्या दशकात तिथल्या दगडांत प्रचंड दाबाखाली काच बनलेले खनिज सापडले आणि निकाल आघाताच्या बाजूने लागला. लोणारचे खरे मोल त्याच्या खडकात आहे. चंद्रावरचे काळसर प्रदेश आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा आहे, आणि बेसाल्टमध्ये घडलेली इतकी सुस्थितीतली आघातविवरे पृथ्वीवर दुर्मीळ आहेत. म्हणून चंद्र-मंगळावरची विवरे समजून घ्यायची असली की अभ्यासक लोणारला येतात.

लघुग्रह आणि धूमकेतू

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मो येथे जुझेप्पे पियाझ्झी यांना तारकांच्या पार्श्वभूमीवर सरकणारा एक ठिपका दिसला. तो सेरेस. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान आणखी असे ठिपके सापडत गेले. आज नोंदल्या गेलेल्या लघुग्रहांची संख्या दहा लाखांच्या पुढे आहे. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये केवळ दहाएक तासांच्या निरीक्षणात दोन हजारांहून अधिक नवे लघुग्रह टिपले. तरीही मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातले सारे द्रव्य एकत्र केले, तर ते आपल्या चंद्राच्या जेमतेम तीन-चार टक्के भरेल. तिथे ग्रह बनू शकला नाही, कारण शेजारच्या गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने तिथल्या तुकड्यांना कधी एकत्र नांदू दिले नाही.

लहान लघुग्रहांत गुरुत्वाकर्षण इतके क्षीण असते की कित्येक लघुग्रह रस्त्याकडेला ओतलेल्या खडीच्या ढिगासारखे सैल असतात. बेन्नू हा त्यांपैकी एक. अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्स यानाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्यावरची १२१ ग्रॅमहून अधिक माती पृथ्वीवर आणली. त्या मातीत सजीवांच्या प्रथिनांत आढळणाऱ्या वीसपैकी चौदा अमिनो आम्ले मिळाली. म्हणजे जीवसृष्टीचा कच्चा माल पृथ्वीबाहेरही तयार होतो, आणि तो पृथ्वीवर पडत राहिला असणार.

धूमकेतू हे त्याच काळातले अवशेष, पण सूर्यापासून दूर थंडीत घडलेले. त्यामुळे त्यांच्यात धुळीबरोबर बर्फ आहे. फ्रेड व्हिपल यांनी १९५० मध्ये धूमकेतूचा गाभा म्हणजे धूळमिश्रित बर्फाचा गोळा असल्याचे मांडले. १९८६ मध्ये हॅले धूमकेतूजवळून गेलेल्या जिओट्टो यानाने तो गाभा प्रत्यक्ष टिपला, आणि २०१४ मध्ये रोझेटा मोहिमेतले फिले यान ६७पी या धूमकेतूवर उतरले. सूर्याजवळ येताच बर्फाची वाफ होते, धूळ सुटते आणि शेपटी उमटते. कमी काळात फेरी मारणारे धूमकेतू प्रामुख्याने नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्याशी निगडित प्रदेशातून येतात आणि हजारो-लाखो वर्षांनी येणारे त्याहून फार दूरच्या ऊर्टच्या मेघातून. हॅले आता २०६१ मध्ये परतेल.

लघुग्रह आणि धूमकेतू यांच्यातली रेषा मात्र पक्की नाही. बर्फ संपलेला धूमकेतू लघुग्रहासारखा दिसतो, आणि मुख्य पट्ट्यातल्या काही लघुग्रहांना शेपटी फुटलेली दिसली आहे. शिवाय हे सगळे आपलेच असतात असेही नाही. २०१७ मधला ओउमुआमुआ, २०१९ मधला बोरिसोव्ह आणि जुलै २०२५ मध्ये सापडलेला थ्री-आय ॲटलास हे तिघे दुसऱ्या ताऱ्यांच्या परिसरातून आलेले पाहुणे. ग्रहमाला घडताना उरलेले तुकडे बाहेर फेकले जातात, हे त्यांनी दाखवून दिले.

हे तुकडे पृथ्वीवर आदळू नयेत यासाठी काही करता येते का? २६ सप्टेंबर २०२२ रोजी डार्ट यान डायमॉर्फोस या दीडेकशे मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले गेले. आपल्या जोडीदाराभोवती त्याची फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती, ती अर्ध्या तासाहून अधिक कमी झाली. एखाद्या खगोलीय वस्तूची कक्षा माणसाने जाणूनबुजून बदलण्याची ही पहिली वेळ.

गोल होण्याची सीमा

मंगळाचा चंद्र फोबोस बावीसेक किलोमीटरचा आणि बटाट्यासारखा. शनीचा मिमास सुमारे चारशे किलोमीटरचा आणि गोल. सव्वापाचशे किलोमीटरचा वेस्टा गोल होता होता राहिला. साडेनऊशे किलोमीटरच्या आसपासचा सेरेस मात्र गोल आहे. द्रव्य पुरेसे जमले की स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणापुढे खडकाचे चालत नाही. उंचवटे खचतात आणि वस्तू गोलाकार होते. बर्फ खडकापेक्षा मऊ, म्हणून बर्फाळ वस्तू कमी आकारमानातही गोल होतात.

प्लूटोचा वाद याच टप्प्यावरचा. १९३० मध्ये क्लाइड टॉमबॉ यांनी शोधलेला प्लूटो शहात्तर वर्षे ग्रह होता. २००५ मध्ये एरिस सापडला आणि तो जवळपास प्लूटोएवढाच निघाला. मग अशा प्रत्येकाला ग्रह म्हणायचे का? २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने तीन अटी ठरवल्या: वस्तूने सूर्याभोवती फिरावे, ती गोलाकार असावी आणि तिने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. तिसरी अट न पाळणारे प्लूटो, एरिस, सेरेस, हाउमेया आणि माकेमाके बटुग्रह ठरले. यात प्लूटोचा अपमान काहीच नाही. त्याला त्याचे खरे सोबती मिळाले, असेच म्हणावे लागेल.

उपग्रहांची व्याख्या कक्षेवरून होते, द्रव्यावरून नव्हे. म्हणूनच त्यांच्यात सर्वाधिक विविधता आढळते. गुरूचा गॅनिमिड बुध ग्रहापेक्षा मोठा आहे. गुरूच्याच आयोवर ज्वालामुखी सतत धगधगत असतात, युरोपाच्या बर्फाखाली पाण्याचा समुद्र असल्याचे भक्कम पुरावे आहेत, शनीचा एन्सेलॅडस पाण्याचे फवारे अवकाशात सोडतो. शनीच्याच टायटनवर मिथेनची सरोवरे आहेत. २००५ मध्ये हायगेन्स यान त्याच्या पृष्ठभागावर उतरले. मार्च २०२५ मध्ये एकट्या शनीच्या उपग्रहांची संख्या २७४ झाली. त्यांतले बहुतेक काही किलोमीटरचे, पकडल्या गेलेल्या लहान वस्तूंचे तुकडे असावेत.

ग्रहाकडून ताऱ्याकडे

गुरूत ३१८ पृथ्वींएवढे द्रव्य आहे. सौरमालेतल्या बाकीच्या सगळ्या ग्रहांची बेरीज त्याच्या निम्मीही नाही. पण तारा होण्यासाठी गाभ्यात हायड्रोजनचे संमीलन सुरू व्हावे लागते आणि त्यासाठी गुरूच्या सुमारे ७५ ते ८० पट द्रव्य लागते. गुरूच्या तेरापट ते या सीमेपर्यंतच्या मधल्या जागेत तपकिरी बटू येतात. अशा वस्तूंच्या गाभ्यात इलेक्ट्रॉनांचा दाब आकुंचन थांबवतो आणि हायड्रोजन पेटण्याआधीच त्या थंड होऊ लागतात, हे भारतीय वंशाचे शिव कुमार यांनी १९६३ मध्ये गणिताने दाखवले. प्रत्यक्ष पुरावा १९९५ मध्ये मिळाला. गुरूच्या पन्नासपट द्रव्याचा तपकिरी बटू आकाराने साधारण गुरूएवढाच असतो. भर पडलेले द्रव्य आकार न वाढवता घनता वाढवते.

त्याच १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवती, ५१ पेगासीभोवती, ग्रह शोधला. त्यासाठी त्यांना २०१९ चे नोबेल मिळाले. आज सिद्ध झालेल्या परग्रहांची संख्या सहा हजारांपुढे गेली आहे. ताऱ्याला खेटून फिरणारे गुरूसारखे ग्रह, पृथ्वी आणि नेपच्यून यांच्या मधल्या आकाराचे ग्रह आणि कुठल्याच ताऱ्याशी न बांधलेले भटके ग्रह: आपल्या सौरमालेवरून बांधलेले बरेच आडाखे त्यांनी बदलायला लावले.

ताऱ्यांचा जन्म आणि शेवट

तारे जन्मतात तेजोमेघांत. मृगाच्या तलवारीत नुसत्या डोळ्यांनी धूसर दिसणारा ठिपका हा असाच, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा वायूचा आणि धुळीचा मेघ आहे. त्यात आज तारे आणि त्यांच्याभोवती ग्रहांच्या चकत्या घडत आहेत. एकाच मेघातून जन्मलेले तारे काही काळ एकत्र राहतात. कृत्तिका हा अशा तरुण तारकागुच्छाचा परिचित नमुना, वय अवघे दहा कोटी वर्षांच्या आसपास.

सूर्यात सौरमालेतले ९९.८ टक्क्यांहून अधिक द्रव्य आहे. त्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमानाला हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्या ऊर्जेचा दाब गुरुत्वाकर्षणाला तोलून धरतो. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे, आणि अजून जवळपास तेवढाच काळ हा तोल टिकेल. ताऱ्यात द्रव्य जितके जास्त तितके आयुष्य कमी, कारण जड तारा इंधन उधळतो. सूर्याच्या वीसपट जड तारा एक कोटी वर्षांच्या आतबाहेर संपतो. प्रॉक्सिमासारखा लाल बटू, म्हणजे सूर्याहून फार हलका तारा, मात्र काटकसरीने लाखो कोटी वर्षे तेवत राहतो. आजचे विश्व १,३८० कोटी वर्षांचे आहे. म्हणजे एकही लाल बटू अजून म्हातारपणाने मेलेला नाही.

सूर्यासारखा तारा शेवटी फुगतो, बाहेरचे थर अवकाशात सोडतो आणि मागे पृथ्वीच्या आकाराचा श्वेत बटू उरतो. व्याधाचा जोडीदार तसा आहे: द्रव्य सूर्याएवढे, आकार पृथ्वीएवढा. त्याला इलेक्ट्रॉनांचा दाब सावरून धरतो, पण त्या दाबालाही मर्यादा आहे. १९३० मध्ये जहाजातून इंग्लंडला जाताना एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी ती मांडायला घेतली. सूर्याच्या सुमारे १.४ पट द्रव्यापलीकडे श्वेत बटू तग धरू शकत नाही. हा निष्कर्ष त्या काळच्या मान्यवरांना पचला नाही. १९८३ मध्ये चंद्रशेखरांना नोबेल मिळाले. श्वेत बटूला कुठवर तग धरता येतो आणि कुठे कोसळावे लागते, हे माणसाला नेमके कळले ते या गणिताने.

जड ताऱ्याचा गाभा त्या मर्यादेपलीकडे गेला की कोसळतो आणि ताऱ्याचा अतिनवतारा होतो. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी वृषभ राशीत असा स्फोट पाहिला. तो तेवीस दिवस दिवसाउजेडीही दिसत होता. त्या जागी आज खेकडा तेजोमेघ आहे आणि त्याच्या मध्यभागी सेकंदाला तीस वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा. असा तारा वीसेक किलोमीटरचा आणि सूर्याहून जड असतो. १९६७ मध्ये जॉसलिन बेल यांनी नियमित रेडिओ ठोके टिपले, तेव्हा हे तारे खरोखर अस्तित्वात असल्याचे कळले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वलहरी आणि प्रकाश दोन्ही नोंदले गेले. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत तयार होतात, याचा तो पुरावा ठरला.

गाभा याहूनही जड असेल तर न्यूट्रॉनांचा दाबही हरतो. मग विरोध करणारे कुणीच उरत नाही आणि कृष्णविवर बनते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वलहरी लायगो वेधशाळेने प्रथम पकडल्या. त्याच प्रकारची वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे.

मरताना तारे आपले द्रव्य परत अवकाशात सोडतात. आपल्या रक्तातले लोह आणि हाडांतले कॅल्शियम अशाच ताऱ्यांत घडले. त्या धुळीतून नवे तेजोमेघ, नवे तारे, नवे ग्रह बनतात.

दीर्घिका आणि त्यापलीकडे

हे सगळे जिथे घडते ती वस्ती म्हणजे दीर्घिका. आपल्या आकाशगंगेचा पसारा सुमारे एक लाख प्रकाशवर्षांचा आणि ताऱ्यांची संख्या दहा हजार ते चाळीस हजार कोटींच्या दरम्यान. सूर्य तिच्या केंद्रापासून सव्वीसेक हजार प्रकाशवर्षांवर आहे. केंद्रात, धनू राशीच्या दिशेला, चाळीस लाख सूर्यांएवढ्या द्रव्याचे कृष्णविवर आहे. त्याची प्रतिमा मे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली.

शंभर वर्षांपूर्वी आकाशगंगा म्हणजेच विश्व, असा समज होता. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये विशिष्ट चंचल ताऱ्यांच्या ठोक्यांवरून त्यांची खरी तेजस्विता ठरवण्याचा नियम प्रसिद्ध केला. त्याच नियमाने एडविन हबल यांनी १९२०च्या दशकात देवयानीच्या धूसर ठिपक्याचे अंतर मोजले. तो तेजोमेघ नव्हे, दुसरी दीर्घिका निघाली, आजच्या मोजणीनुसार २५ लाख प्रकाशवर्षांवरची. काही दीर्घिका सर्पिल, काही लंबगोल, काही अनियमित आकाराच्या. काहींच्या केंद्रातल्या कृष्णविवरात इतका वायू कोसळतो की ते केंद्र साऱ्या दीर्घिकेहून तेजस्वी दिसते, हे क्वेसार.

या क्षेत्रात पुण्याच्या परिसरातले काम जगाच्या नकाशावर आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने नारायणगावजवळ खोडद परिसरात उभ्या राहिलेल्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. जून २०२३ मध्ये, स्पंदकांच्या, म्हणजे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, ठोक्यांतला सूक्ष्म फरक मोजून महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांकडून येत असाव्यात अशा गुरुत्वलहरींचे पुरावे जगभरच्या गटांनी मांडले. त्यात जीएमआरटीच्या निरीक्षणांचाही वाटा होता. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतील संशोधकांसह भारतीय गटाने मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा दीर्घिकांचा महासमूह ओळखला आणि त्याला ‘सरस्वती’ हे नाव दिले. त्यात दीर्घिकांचे किमान ४३ समूह आहेत. गुरुत्वाकर्षणाने गुंफलेल्या याहून मोठ्या रचना फार थोड्या.

याही पातळीवर तोच प्रश्न विचारला, तर हिशेब जुळत नाही. फ्रिट्झ झ्विकी यांना १९३३ मध्ये दीर्घिकांच्या समूहात आणि व्हेरा रुबिन यांना १९७०च्या दशकात दीर्घिकांच्या फिरण्यात आढळले की दिसणाऱ्या द्रव्याने हे गुरुत्वाकर्षण भागत नाही. आजच्या मोजणीनुसार विश्वात सामान्य द्रव्य केवळ पाच टक्के, कृष्णद्रव्य २७ टक्के आणि उरलेली ६८ टक्के कृष्णऊर्जा. धूळ, ग्रह, तारे, तेजोमेघ ही आपल्या यादीतली सारी नावे त्या पाच टक्क्यांत मावतात.

हा विषय केवळ वाचण्याचा नाही. कृत्तिका, मृगाचा तेजोमेघ, देवयानीची दीर्घिका आणि गुरूचे चार उपग्रह साध्या द्विनेत्रीतून अंधाऱ्या गावाच्या आकाशात दिसतात. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्था १९४४ पासून हे दाखवत आल्या आहेत. त्यांच्या कार्यक्रमांना मुलांना घेऊन जा. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा तीन-साडेतीनशे मीटरचा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून सुखरूप निघून जाईल. तोवर लघुग्रह म्हणजे काय हे घराघरांत ठाऊक झालेले असावे. आणि लोणारला गेलात तर विवराच्या काठावरचा दगड आठवण म्हणून उचलून आणू नका. लाखो वर्षांपूर्वीच्या त्या आघाताचा तो पुरावा आहे. पुढच्या अभ्यासकांसाठी तो जागच्या जागीच राहू द्या.